अंबाजोगाईची पासोडी : अक्षर आणि चित्र यांच्या सीमेवर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे नाव प्रथम येते ते मुकुंदराजांमुळे. त्यांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ च्या सुमारास, रचला अशी परंपरागत समजूत असून त्यांची समाधी याच गावाजवळ बालाघाटाच्या दरीत दाखवली जाते. त्यानंतर सुमारे चार शतकांनी याच गावी स्थायिक झालेल्या दासोपंतांनी वेदान्तातील एक अवघड विषय कागदाच्या पोथीत न मांडता सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड कापडावर मांडला. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचे जाडेभरडे वस्त्र, आणि दासोपंतांचे हे हस्तलिखित आजही त्याच नावाने ओळखले जाते. साहित्याच्या अभ्यासकांनी एक विलक्षण हस्तलिखित म्हणून पासोडीचा उल्लेख वारंवार केला आहे, परंतु तिच्यावर केवळ ओव्या नसून कोष्टके आणि आकृत्याही आहेत, मजकूर कोठे ठेवायचा याचा विचार तिच्या रचनेतच गुंतलेला आहे, आणि म्हणून ती जितकी वाचायची तितकीच पाहायची वस्तू आहे, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. चित्रकलेच्या इतिहासात पासोडीला जवळपास स्थानच मिळाले नाही, आणि ही उणीव किती मोठी आहे हे कळण्यासाठी बीडपासून फार दूर, नाईल नदीच्या काठी विसाव्या शतकात घडलेल्या एका चित्रकाराच्या वाटचालीचा आधार घ्यावा लागतो.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ.स. १५५१ मध्ये, नारायणपेठ येथे झाला. पुढील काळात नारायणपेठी लुगड्यांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेले आणि आज तेलंगणात असलेले हे गाव त्या वेळी बीदरच्या बरीदशाहीच्या अमलाखाली होते. वडील दिगंबरपंत हे त्या भागाचे वतनदार देशपांडे असून सारावसुलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. चरित्रपरंपरा सांगते त्याप्रमाणे दुष्काळात सरकारी धान्य लोकांना वाटल्यामुळे वसुलीचा भरणा तुटला, बीदरच्या दरबाराने तुटीच्या बदल्यात दिगंबरपंतांच्या तरुण मुलाला ओलीस ठेवले, आणि मुदत भरत आली असता दत्तात्रेयांनी दत्ताजी पाडेवार या महाराच्या वेषात येऊन सर्व रक्कम भरली व मुलाची सुटका केली. या कथेतील चमत्कार भक्तांच्या श्रद्धेचा विषय आहे. परंतु तिच्यामागची चौकट, म्हणजे दुष्काळ, वतनदारावरची सक्ती आणि ओलीस ठेवण्याची पद्धत, ही सोळाव्या शतकातील दख्खनच्या राज्यव्यवहाराशी पूर्णपणे जुळणारी आहे. चरित्राचे हे रूप जस्टिन ॲबट यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत आणले, आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना दासोपंत प्रथम माहीत झाले ते प्रामुख्याने त्या पुस्तकामुळे.

दासोपंतांच्या चरित्रात बीदरचा उल्लेख बंदिवासापुरताच होतो, पण चित्राच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्या शहराकडे थोडे थांबून पाहणे भाग आहे. महमूद गावानने १४७२ मध्ये पूर्ण केलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरश्यांतून अरबी अक्षरांचे रुंद पट्टे बसवलेले होते आणि १६९६ च्या स्फोटात त्या इमारतीची मोठी हानी होईपर्यंत ते शहराच्या मध्यभागी उभे होते. जवळच अष्टूर येथील अहमदशाह वली बहमनीच्या कबरीच्या आतल्या भिंती आणि घुमट रंगीत व सोनेरी अक्षरांनी भरलेले आहेत, आणि दासोपंतांच्या तारुण्यात बीदरवर राज्य करणाऱ्या अली बरीदने किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवून फारसी कविता कोरवून घेतल्या होत्या. म्हणजे ज्या शहरात या तरुणाला दिवस काढावे लागले असे चरित्र सांगते, त्या शहरात अक्षर हे पानात मिटून ठेवण्याचे नव्हते. ते भिंतीच्या मापाचे होते आणि ज्याला ती लिपी वाचता येत नव्हती त्यालाही ते दिसत होते. या दृश्याचा दासोपंतांच्या मनावर परिणाम झाला असे सिद्ध करणारा कोणताही पुरावा पुढे करता येत नाही, आणि तसा दावा करणे गैर ठरेल. तरीही पासोडीचा विचार करताना तिची तुलना केवळ मराठी पोथ्यांशी करून थांबणे अपुरे आहे, कारण तिचा कर्ता ज्या दख्खनमध्ये वाढला तेथे अक्षराला आकार, रंग आणि विस्तार असतो ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

सुटकेनंतर दासोपंतांनी घर सोडले, माहूर या दत्तक्षेत्री बारा वर्षे तप केले आणि तेथून ते गोदावरीकाठच्या राक्षसभुवनास आले, जे आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात मोडते. तेथे त्यांना दत्तपादुका प्राप्त झाल्या असे परंपरा मानते. पुढे ते जोगाईच्या आंब्यास, म्हणजे अंबाजोगाईस, आले आणि उरलेले सर्व आयुष्य तेथेच राहिले. पैठणचे एकनाथ हे त्यांचे समकालीन. शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीला त्यांचे देहावसान झाले आणि त्यांची समाधीही याच गावी आहे. त्यांच्यामागे थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशा दोन घराण्यांतून दत्तोपासना चालू राहिली व दत्ताच्या सोळा अवतारांची पूजा हे तिचे वैशिष्ट्य ठरले.

दासोपंतांच्या लेखनाचा विस्तार मराठीत अपवादात्मक आहे. ‘गीतार्णव’ ही त्यांची गीतेवरील टीका सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. ‘गीतार्थबोधचंद्रिका’ ही दुसरी, आटोपशीर टीका आहे. ‘ग्रंथराज’, ‘वाक्यवृत्ती’ यांसारखे वेदान्तपर ग्रंथ आहेत आणि ‘पदार्णव’ हा गेय पदांचा मोठा संग्रह आहे. त्यांना लिहिण्यासाठी रोज ढबू पैशाची शाई लागत असे, अशी आठवण परंपरेने जपली आहे. ही आठवण अतिशयोक्तीची असली तरी तिच्यातून दासोपंतांबद्दलची एक नेमकी जाणीव व्यक्त होते, ती अशी की लोकांच्या स्मरणात हा पुरुष केवळ रचणारा म्हणून नव्हे, तर बोरू हातात धरून प्रत्यक्ष लिहिणारा म्हणून राहिला. संतकवींच्या चरित्रांत रचना मुखातून निघते आणि ती उतरवून घेणारा लेखक दुसराच असतो, असे पुष्कळदा आढळते. ज्ञानेश्वरांच्या कथेत सच्चिदानंदबाबा आहेत. दासोपंतांच्या बाबतीत हात आणि रचना एकच आहेत, आणि पासोडी समजण्यासाठी ही गोष्ट पायाभूत आहे.

पासोडीवर मांडलेला विषय पंचीकरणाचा आहे. वेदान्तमताप्रमाणे आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच भूते प्रथम सूक्ष्म, अमिश्र अवस्थेत असतात. त्यांतील प्रत्येकाचे दोन समान भाग होतात, एक अर्धा भाग तसाच राहतो, दुसऱ्या अर्ध्याचे पुन्हा चार भाग होऊन ते उरलेल्या चार भूतांत जाऊन मिसळतात, आणि अशा रीतीने डोळ्यांना दिसणारी पृथ्वी ही अर्धी पृथ्वी आणि बाकी चार भूतांचा एकेक अष्टमांश अशी सिद्ध होते. मराठी ग्रंथकारांनी हाच हिशेब मनुष्यदेहाला लावून पाच भूतांचे प्रत्येकी पाच असे पंचवीस गुण सांगितले. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तही अस्थी, मांस, त्वचा, नाडी आणि रोम हे पृथ्वीचे, क्षुधा, तृषा, आलस्य, निद्रा आणि मैथुन हे तेजाचे, तर काम, क्रोध, शोक, मोह आणि भय हे आकाशाचे असे वाटप येते. हा विषय स्वभावतःच आडव्या-उभ्या रकान्यांचा आहे. ओवी ही एकामागून एक जाणारी रचना असल्यामुळे तिच्यात पंचवीस घटकांचे परस्परसंबंध सांगता येतात, पण ते एकाच वेळी दाखवता येत नाहीत. श्रोता विसाव्या घटकापाशी पोहोचेपर्यंत तिसऱ्याचा संबंध विसरलेला असतो. कोष्टकात हे पंचवीसही घटक आपापल्या जागी एकदम उभे राहतात आणि कोणत्याही घटकापासून कोणत्याही घटकाकडे नजर नेता येते.

पासोडीचा आकार या गरजेतून समजून घेतला पाहिजे. पोथी म्हणजे सुटी, आडवी, अरुंद पाने असल्याने वाचक एका वेळी एकच पान हाती घेतो. बाड म्हणजे एका बाजूने बांधलेली वही असल्याने तीही दोन पानांपलीकडे उघडत नाही. कापडाला ही मर्यादा नाही, शिवाय ते गुंडाळता येते, दुसऱ्या गावी नेता येते आणि भिंतीवर किंवा जमिनीवर पसरून अनेकांना एकत्र दाखवता येते. तेलंगणातील चेरियाल येथे लांब कापडी पटांवर चित्रे काढून ती उलगडत जातिपुराणे सांगण्याची प्रथा अजून टिकून आहे, तर पैठणच्या परिसरात व कोकणातल्या पिंगुळीत चित्रकथींनी हेच काम सुट्या कागदी चित्रांनी केले. या परंपरांत पट कथेच्या सेवेला असतो आणि त्यावर देव, राक्षस, राजे व प्राणी दिसतात. दासोपंतांनी विस्तीर्ण कापडाचे माध्यम घेतले, पण त्यावर आणलेल्या विषयाला मुळात रूपच नव्हते. अर्धा, अष्टमांश, मिश्रण, सूक्ष्म, स्थूल या संकल्पना मूर्ती काढून दाखवता येत नाहीत, त्यासाठी जागेची वाटणी, रेषा आणि अक्षर हीच साधने उरतात. मूर्तीविना आशय डोळ्यांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न जाणीवपूर्वक कलाकृती म्हणून झालेला नसला तरी तो दृश्य स्वरूपाचा विचार आहे यात शंका नाही, आणि केवळ ओव्यांची संख्या मोजून त्याचे मोल ठरत नाही.

अक्षरातून चित्राकडे जाण्याची वाट आधुनिक काळात कोणी कशी चालली याचे उदाहरण म्हणून सुदानचे चित्रकार इब्राहिम एल-सलाही यांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९३० मध्ये ओमदुरमान येथे झाला. वडील घरीच खलवा चालवीत असत, म्हणजे मुलांना कुराण शिकवण्याची शाळा. तेथे मुले लाकडी पाटीवर बोरूने आयती लिहून पाठ करीत आणि ठरावीक भाग पूर्ण झाला की ती पाटी नक्षीने सजवली जाई. अक्षर आणि अलंकरण यांची पहिली ओळख सलाही यांना या पाटीवर झाली. खार्टूमच्या गॉर्डन मेमोरियल कॉलेजात शिकून ते १९५४ मध्ये लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये दाखल झाले आणि १९५७ मध्ये युरोपीय चित्रकलेचे पक्के शिक्षण घेऊन मायदेशी परतले. खार्टूमच्या ग्रँड हॉटेलात त्यांनी आपली चित्रे मांडली, परंतु पहिल्या एकदोन दिवसांनंतर लोक फिरकेनासे झाले. आपण जी भाषा शिकून आलो ती येथे कोणाचीच नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी काही काळ चित्रे काढणे थांबवले आणि देशभर हिंडून घरांवरची, भांड्यांवरची, चटयांवरची नक्षी आणि घरोघरी लावलेली सुलेखने ते पाहू लागले.

पुढचा टप्पा त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींतून सांगितला आहे. प्रथम ते चित्राच्या कोपऱ्यात टपाल-तिकिटाएवढ्या जागेत अरबी मजकूर लिहू लागले, हळूहळू तो मजकूर साऱ्या चित्रभर पसरला आणि मग त्यांनी अक्षरेच मोडली. अर्थ बाजूला पडून उरलेल्या वळणांमधून प्राण्यांची, वनस्पतींची, मुखवट्यांसारख्या चेहऱ्यांची रूपे उमटू लागली. रंग त्यांनी सुदानच्या मातीचे ठेवले: काळा, पांढरा, पिवळसर आणि तांबूस. उस्मान वकीअल्ला, अहमद शिबरैन, कमाला इब्राहिम इसहाक यांच्या कामासह या शोधाला पुढे खार्टूम स्कूल असे नाव मिळाले. टेट संग्रहालयात असलेले त्यांचे १९६१ ते १९६५ या काळातील ‘बालपणीच्या स्वप्नांचे पुनर्जन्मलेले ध्वनी’ या आशयाच्या नावाचे मोठे चित्र या काळाचे प्रातिनिधिक काम होय.

सप्टेंबर १९७५ मध्ये, सांस्कृतिक खात्यात मोठ्या हुद्द्यावर असताना, फसलेल्या उठावात सामील असल्याच्या संशयावरून त्यांना पकडून कोबर तुरुंगात सहा महिने खटल्याविना ठेवण्यात आले. तेथे कागद बाळगणे हाच गुन्हा होता. सापडेल त्या कागदाच्या कपट्यांवर ते रेखाटीत आणि पहारेकऱ्याची चाहूल लागली की ते वाळूत पुरून ठेवीत. एका कपट्यावर सुरू झालेले चित्र शेजारच्या कपट्यावर वाढवत न्यायचे, ही रीत त्यांना या सक्तीने शिकवली. देश सोडून कतारमध्ये राहत असताना १९८४-८५ मध्ये त्यांनी रंगवलेले ‘अटळ’ हे नऊ भागांचे भव्य काळेपांढरे चित्र याच रीतीने, एका लहान बीजापासून चहूबाजूंनी वाढत गेले आहे. पुढे ते ऑक्सफर्डला स्थायिक झाले आणि २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरवले. त्या संस्थेत असा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकी चित्रकार होत.

दासोपंत आणि सलाही यांना एका रांगेत बसवणे चुकीचे होईल. पासोडीवरचे अक्षर वाचले जाण्यासाठीच आहे, ते मोडले तर दासोपंतांचा हेतूच बुडतो. सलाही यांच्या चित्रात अक्षर मोडल्यावरच काम सुरू होते. एकाला शिष्यांना शिकवायचे होते, दुसऱ्याला आपल्या लोकांशी बोलता येईल अशी दृश्य भाषा हवी होती. तरीही सुदानच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की लेखनाची जिवंत परंपरा हा अमूर्त चित्रकलेचा खरा उगम होऊ शकतो, आणि त्यासाठी त्या परंपरेतल्या वस्तू चित्रकाराच्या डोळ्यांसमोर असाव्या लागतात. सलाही यांना पाटी लहानपणीच हाती मिळाली होती. मराठी चित्रकारांना पासोडी तशी मिळाली नाही.

याची कारणे बरीचशी राजकीय इतिहासात आहेत. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि मराठी चित्रकारांच्या पुढच्या पिढ्या तेथे घडल्या, पण अंबाजोगाई त्या काळी निजामाच्या राज्यात होती, तिचे सरकारी नाव मोमिनाबाद होते आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, तोवर मुंबईच्या चित्रकारांनी आधुनिकतेची आपली दिशा निश्चित केली होती. नागपूरला जन्मलेले आणि मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) हे त्या पिढीतील सर्वांत मोठे अमूर्त चित्रकार. त्यांनी पॉल क्ले यांच्या चित्रांपासून आरंभ करून पुढे झेन विचाराच्या जवळ जाणारा अबोल अवकाश निर्माण केला, त्यात काही काळ चिन्हसदृश खुणाही तरळत राहिल्या, पण त्या कोणत्याही लिपीच्या नव्हत्या. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे (१९२२-२०१२) नॉर्वेत स्थायिक झाले आणि त्यांच्या वाहत्या रेषेचे नातेही लेखनाशी नव्हते.

लिपी आणि आकृती यांतून अमूर्ताकडे जाण्याचे ठळक प्रयत्न भारतात इतरत्र झाले. मद्रासमध्ये के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३ पासून ‘शब्द आणि चिन्हे’ या मालिकेत हस्तलिखितांसारखी दिसणारी, पण न वाचता येणारी अक्षरे, पत्रिकांसारखे चौकोन आणि गणिती आकृत्या रंगवल्या. सलाही यांचे काम त्याच दशकातले आहे, आणि दोघांना आपापल्या ठिकाणी एकाच प्रकारचे उत्तर सापडावे हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. नागपूर आणि मुंबई येथे शिकून १९५० मध्ये पॅरिसला गेलेले सय्यद हैदर रझा सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून बिंदूकडे वळले, पाच भूतांना पाच रंगांत आणि चौकोनी वाटणीत मांडू लागले, चित्रांवर देवनागरी शब्दही लिहू लागले. पंचमहाभूतांची चौकटीतली मांडणी हा तर पासोडीचाच विषय आहे. प्रभाकर बरवे यांनी वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करताना तांत्रिक आकृत्यांचा अभ्यास केला आणि १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहून चित्रातील अवकाशाविषयी मराठीत फार मोलाचे चिंतन केले. या तिघांपैकी निदान रझा आणि बरवे यांना आपल्याच प्रदेशातील एक जुना पट जवळचा वाटला असता असे मानायला जागा आहे.

पासोडीचा चित्रदृष्टीने अभ्यास करायचा तर तिच्यावरील ओव्यांची संहिता छापून काम भागणार नाही, कारण छापताना ओव्या एकाखाली एक येतात आणि त्यांची कापडावरची जागा नाहीशी होते. संपूर्ण कापडाचे सलग छायाचित्र, त्यातील प्रत्येक कोष्टकाचे व आकृतीचे मोजमाप, मजकूर कोणत्या दिशेने वाहतो आणि कोठे वळतो याचा आराखडा, कापडाचा पोत आणि त्यावर खळ दिली होती का याची तपासणी, शाईची घटना, आणि बोरूची जाडी कोठे बदलते याची नोंद, इतके साहित्य हाती आल्यावरच दासोपंतांनी जागा आधी आखून घेतली की लिहिता लिहिता ती वाढवत नेली या प्रश्नाचा निर्णय करता येईल. जुने कापड घडीवर विरते आणि शाईतील घटक धागे खातात, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.